सबमिशन होऊ दे आधी

मेडनहेडच्या त्या घरात मी नक्की कोण होते, हे शेवटपर्यंत धड ठरलं नाही. काकू म्हणजे माझ्या आईच्या मावसबहिणीची नणंद. हे नातं मास्टर्सला यायचं ठरेपर्यंत मी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. पाहुणे आले की काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "शी इज लाइक अ डॉटर टू अस." पाहुणे गेले की म्हणायच्या, "अगं, ते रीसायकलिंगचं बिन तेवढं बाहेर ने, उद्या कौन्सिलवाले येतील." काका हॉस्पिटलमध्ये मोठे डॉक्टर, अर्धं आयुष्य इंग्लंडात काढलेले. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, रोज ट्रेनने लंडनला नोकरीला जायची. मला वरची बॉक्स रूम दिली होती. पलंगावर बसलं की गुडघे टेबलाला लागायचे. तक्रार करत नाही, माझ्या वर्गातली मुलं याहून वाईट खोल्यांत कोंबून राहत होती आणि त्यांना गरम वरण-भात मिळत नव्हता.

माझा दिवस ठरलेला होता. सकाळी ट्रेन, मग लायब्ररी, संध्याकाळ झाली की सुपरमार्केटात जाऊन पिवळा स्टिकर लावलेले, म्हणजे उतरत्या किमतीतले, ब्रेड आणि दही शोधायचं आणि परत. या सगळ्यात अण्णा असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, कराडात त्यांचं चष्म्याचं दुकान. टाइप करायचा त्यांना भयंकर कंटाळा, म्हणून दिवसभर व्हॉइस मेसेज पाठवायचे. "काय करतीस? जेवलीस का? तिकडं थंडी कितीय?" मागे गिऱ्हाइकाचा आवाज, फ्रेम ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज. मी ट्रेनमध्ये कानाला फोन लावून ऐकायचे आणि शेजारचा सुटाबुटातला माणूस माझ्याकडे बघायचा, कारण मी एकटीच हसत असायचे.

उन्हाळ्यात, मी थीसिस लिहायला बसले तेव्हा, अण्णांना कावीळ झाली. दादानं फोनवर सांगितलं, "साधी कावीळ आहे, ॲडमिट केलंय, घाबरू नकोस." मी घाबरले. मी पहिल्यापासून घाबरट नाही, तापट आहे. मला जायचं होतं. बाकी काही नको होतं, फक्त जाऊन अण्णांच्या पलंगाशेजारी बसायचं होतं. लॅपटॉपवर तिकिटाचं पान उघडून ठेवलं आणि खाली जाऊन काकांना विचारलं. दादानं त्यांना सगळे रिपोर्ट पाठवले होते, घरात डॉक्टर असला की नात्यातली सगळी पोटं आणि छात्या त्याच्या फोनवर येऊन पडतातच.

काका टीव्हीवर क्रिकेट बघत होते. आवाज कमी न करता म्हणाले, "ऑब्स्ट्रक्शन आहे. स्टेंट टाकतील. रूटीन आहे गं."

"मी जाऊन येऊ का काका? लॅपटॉप घेऊन जाईन, तिथून लिहीन."

"जाऊन तू काय करणार? तू काय सर्जन आहेस?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्म्यावरून, आपुलकीनं. "बघ, त्यांना सगळ्यात मोठं औषध कुठलं, तर तुझी डिग्री. सबमिशन होऊ दे आधी. मग मस्त जा, महिनाभर राहा."

मी वर गेले आणि तिकिटाचं पान बंद केलं. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय तर मी कोण लागून गेले?

काकांनी रिपोर्ट वाचले होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. हे त्यांना तेव्हाच माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आईला आणि दादाला माहीत होतं. कराडात बैठक बसली होती म्हणे, मामाही आले होते, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोरीला सांगायचं नाही. एवढं शिकायला पाठवलंय, शेवटच्या टप्प्यात मन विचलित नको. आपल्याकडे हे असंच करतात. परीक्षा असली की घरात माणूस मेलं तरी चालतं, पोराच्या कानावर जाता कामा नये. आणि जो जितका लांब, त्याच्यापाशी तितकं खोटं बोलायचं.

मग अण्णांचे मेसेज थांबले. मी फोन केला की आई उचलायची. "आत्ता डोळा लागलाय बघ." परत केला की, "घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय." व्हिडिओ लाव म्हटलं की दवाखान्यात रेंज नाही. काविळीत घसा कसा बसतो, असं मी दादाला एकदा विचारलं, तर तो माझ्यावरच खेकसला, "तू काय इथली डॉक्टर लागून गेलीस काय? लिही की गप." आमच्या घरात दोघंच तापट, मी आणि तो, त्यामुळे त्याचं खेकसणं मला नेहमीचंच वाटलं. मी काकांना विचारायचे, काका म्हणायचे, "इम्प्रूव्ह होतायत." मी रोज विचारायचे आणि ते रोज तेवढंच म्हणायचे, जेवता जेवता, पापड मोडत.

तोवर गणपती आले. काकूंकडचा गणपती म्हणजे त्या भागातल्या मराठी लोकांचा मोठा सण. स्लाऊ, ब्रॅकनेल, कुठून कुठून माणसं यायची. मोदक घरीच, उकडीचे. काकूंच्या हातून पाकळी फाटायची, माझी फाटत नाही, म्हणून मे महिन्यापासूनच त्या सगळ्यांना सांगत होत्या, "या वेळी मोदक आमची मुलगी करणार." मलाही बरं वाटायचं. चतुर्थीच्या आधी आम्ही दोघी स्लाऊला नारळ आणायला गेलो. तिथल्या दुकानात सगळं मिळतं, केळीच्या पानांपासून दूर्वांपर्यंत. मी नारळ कानाशी धरून हलवत होते, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्या बाहेर गेल्या. काचेतून मला दिसत होत्या. आधी बोलत होत्या, मग नुसत्याच ऐकत होत्या.

आत आल्या त्या नारळ तिथेच ठेवून मला शेजारच्या काउंटरवर घेऊन गेल्या आणि समोसा चाट मागवलं. "तू नीट खात नाहीस. खा बघू." स्वतः काही घेतलं नाही. मी खात होते आणि त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी संपवल्यावर म्हणाल्या, "अजून घे." मी अजून घेतलं. मला वाटलं, काय प्रेमळ बाई आहे.

तो फोन दादाचा होता. अण्णा गेले होते. माझे वडील गेल्याचं कळल्यावर त्या बाईनं मला दोनदा चाट खायला घातलं. पोरगी उपाशी राहू नये, हा चांगुलपणा. असला चांगुलपणा मी शत्रूला देणार नाही.

शेवटी नारळ घेऊनच आम्ही घरी आलो आणि मी एक फोडायला घेतला, तर काकूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे. तू अभ्यास कर."

"अहो, खोबरं तरी किसून देते."

"नको म्हटलं ना!"

मी हळूच म्हटलं, "काकू, माझी पाळी नाहीये हं."

"तसं नाही गं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझं सबमिशन आलंय, म्हणून म्हटलं."

त्या संध्याकाळपासून माझं ताट वर खोलीत यायला लागलं. पाण्याची बाटली वेगळी. माझा टॉवेल त्यांच्या टॉवेलांजवळ होता तो माझ्या खोलीच्या दाराला लटकला. मी चिडले, पण चिडून बोलणार कोणाला? मला वाटलं, चतुर्थीला इतकी माणसं येणार, त्यांच्यात ही गावाकडची पोरगी कशाला मिरवायची, असं यांना वाटायला लागलं असेल. मुलगी म्हणे! असं मनात म्हणत बसले आणि रागारागात थीसिसचं एक अख्खं प्रकरण लिहून काढलं. ते प्रकरण पुढे सगळ्यात चांगलं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या नंबरवरून मेसेज आला. टाइप केलेला. "मी बरा आहे. काळजी करू नको. नीट लिही. अण्णा." मी जिन्यावरून धावत खाली गेले. राग गेला कुठल्या कुठे. "काकू, बघा ना, अण्णा टाइप करायला लागले!" काकू सिंकपाशी उभ्या होत्या. त्यांनी नळ मोठा सोडला आणि एकच भांडं घासत राहिल्या. मी वर जाऊन अण्णांना लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. थीसिस कुठवर आलाय, इथं ऊन कसं पडलंय, आल्यावर मला दुकानात बसवा, मी गिऱ्हाइकं सांभाळते, असलं काय काय. अण्णांना स्मशानात पोहोचवून आलेल्यांनी घरी अजून आंघोळी आटोपल्या असतील-नसतील, तेव्हाची ही गोष्ट. तो मेसेज दादानं ऐकला की कोणीच नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

चतुर्थीला सकाळपासून घर भरलं. खाली धूप, हसणं, बायकांच्या पैठण्या, मुलांची इंग्रजी भांडणं. मला सांगितलं होतं, "तू वरच लिही, शांतपणे." पण मी म्हटलं, निदान एक फूल तरी वाहते. अण्णांसाठी. आंघोळ करून, चांगला ड्रेस घालून खाली गेले. जिन्याशी ब्रॅकनेलच्या एक बाई भेटल्या, त्यांनी माझा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, "स्ट्राँग राहा हं बाळा." मला वाटलं, थीसिसबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "हो, होतच आलंय." त्यांनी ओठ आवळले आणि दुसरीकडे बघितलं.

मी ताटातलं जास्वंदीचं फूल उचललं.

"हात नको लावूस!" काकू ओरडल्या. एवढ्या मोठ्यांदा मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते फूल माझ्या हातातून घेतलं आणि गणपतीला न वाहता कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग अख्खं ताटच आत नेलं आणि दुसरी फुलं आणली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार लोकांत असा अपमान! मी तडक मागच्या गार्डनमध्ये गेले. थोड्या वेळानं काकूंची मुलगी आली. पैठणी नेसलेली, पायात स्नीकर्स. सरळ गवतावर बसली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "तू कशाला रडतेस? अपमान माझा झालाय."

"आय कान्ट डू धिस," ती म्हणाली. "मी सांगते तुला. कोणी नाही सांगत आणि मला तो राइट नाही वाटत. तुझे बाबा इज नॉट बरा. ही डाइड. त्या दिवशी तू आणि मम स्लाऊ गेले होते ना, तेव्हा. मम म्हणते, तुला काहीतरी लागलंय... व्हॉट्स इट कॉल्ड, सुतक. म्हणून देवाला टच नाही करायचं. सॉरी. आय ॲम सो, सो सॉरी."

मोडक्यातोडक्या मराठीत, पण त्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच निघाली.

ऐकल्यावर मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. सुतक कळल्यापासून धरतात ना? मला तर कळलंच नव्हतं. म्हणजे ते यांनीच धरलं, माझ्यासाठी, माझ्या पाठीमागे, अगदी काटेकोर. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, मोदक बंद. वडील गेल्याचं सोडून बाकी सगळं यांनी माझ्यापर्यंत पोहोचवलं होतं.

मी आत गेले. आरती सुरू झाली होती, टाळ्या, झांजा. मी सरळ मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझे वडील गेलेत, हे इथं कोणाकोणाला माहितेय? हात वर करा."

आरती अडखळली. हात कोणीच वर केला नाही, पण एकेक मान खाली गेली. ब्रॅकनेलच्या बाई, त्यांचे मिस्टर, स्लाऊचे ते नेहमी जोक सांगणारे गृहस्थ. काकूंनी सगळ्यांना कळवून ठेवलं होतं, माझ्यासमोर चुकून कोणी बोलू नये म्हणून. त्या घरात तोवर अण्णा गेल्याचं माहीत नसलेली दोनच होती, मी आणि सोफ्यावर झोपलेलं कोणाचं तरी तान्हं बाळ.

"आरती मध्येच थांबवू नये," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पूर्ण होऊ दे, मग बोलू." आणि त्यांनी आरती पुढे सुरू केली. बाकीच्यांनी हळूहळू टाळ्या धरल्या. मी दारापर्यंत मागे सरकले. आरती पूर्ण झाली, मग प्रसादही वाटला गेला.

काका मला किचनमध्ये घेऊन गेले. "इट वॉज युअर फॅमिलीज डिसिजन," ते म्हणाले. "आम्ही रिस्पेक्ट केलं, बस."

"काका, हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांनाही तुम्ही असंच सांगता का? इम्प्रूव्ह होतायत म्हणून?"

ते खरंच विचारात पडले. "नाही. तिथे खरं सांगावंच लागतं. तो प्रोटोकॉल आहे."

"मग मी कोण होते?"

"तू घरातली आहेस," काका म्हणाले. त्यांना ते बोलताना काही वावगं वाटलं नाही.

विमानतळावरून मी सुपरवायझरला दोन ओळींचा ईमेल टाकला. विमानात बसायच्या आत उत्तर आलं. फार वाईट वाटलं, लागेल तितका वेळ घे, तारीख पुढे ढकलली आहे. बस. ज्या सबमिशनसाठी एवढं रामायण झालं, ते एका ईमेलनं हललं. मी विचारलं असतं तर उन्हाळ्यातच हललं असतं. काकांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही, इथल्या कॉलेजात त्यांची स्वतःची पोरगी शिकली होती.

कराडला पोहोचले तेव्हा घरात भेटायला येणाऱ्यांची रांग होती. मी चपला न काढताच आईपाशी गेले आणि सगळ्यांदेखत जे तोंडात आलं ते बोलले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही तुझं वाईट केलं का गं? तुझ्याच भल्याचं बघितलं ना?" भेटायला आलेल्या बायका माना डोलवू लागल्या. बरोबरच आहे, पोरीचं वर्ष वाया गेलं असतं. एक आत्या म्हणाली, "त्यांचाच आत्मा शांत होईल तू पास झालीस की." मी तिला म्हटलं, "आत्या, तुम्ही गप्प बसा." ती गप्प बसली, पण माझ्याकडे बघण्याची तिची नजर मला कळली.

बायका उठून गेल्यावर घरात आम्ही तिघंच राहिलो. आई, दादा आणि मी. माझा राग बोलून बोलून संपला होता. खाली काय आहे ते आता वर यायला लागलं होतं. मी आईच्या शेजारी बसले आणि विचारलं, "अण्णांनी माझं नाव काढलं का गं? एकदा तरी?"

"एकदा? रोज काढायचे," आई म्हणाली. "कधी येणार, कधी येणार. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच. नर्सलासुद्धा विचारायचे."

दादा उठून खिडकीपाशी गेला.

"मग तुम्ही काय सांगायचात?"

आईनं पदर सारखा केला. तिला यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं. "काय सांगणार बाई? तुला सांगितलंच नाही असं म्हटलं असतं तर चिडले असते, फोन द्या म्हणाले असते. म्हणून यानं सांगितलं, तिला सगळं कळवलंय, कॅन्सरचंही सांगितलंय. ती म्हणते, सबमिशन झाल्याशिवाय मला येता येणार नाही."

मला आधी नीट कळलंच नाही ती काय बोलली. मग कळलं.

"आणि अण्णा काय म्हणाले?"

"काही नाही. बराच वेळ वर पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, तिला आता फोन करून त्रास देऊ नका," आई म्हणाली. "त्यानंतर नाही विचारलं त्यांनी."